बाईंसाठी केलंय, तू बघू नकोस!

यावेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त एकाच विषयावरची निघाली, मुलांनी शाळेतल्या टीचरना हाताने करून द्यायच्या भेटी. मी स्वतः बरीच वर्षं बालवर्ग घेतलाय त्यामुळे या विषयावर मला आवरतं घ्यायला जमणार नाही, आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : मुलगी साडेचार वर्षांची आहे. टीचरसाठी तिने एकटीने कार्ड केलं. पण टीचर म्हणजे एक मोठ्ठं डोकं, त्यालाच खालून दोन पाय, धड नाहीच, आणि हात कानातून निघालेले. स्वतःचं नाव लिहिलं तेही उलटं. बाकीच्या आया इतकं सुंदर काय काय करून पाठवतात की मला लाज वाटली, म्हणून ती झोपल्यावर मी तसंच दुसरं कार्ड नीट करून ठेवलं. सकाळी म्हणाली हे माझं नाहीये, आणि दोन्ही कार्डं न घेताच गेली. आता काय करू?

उत्तर : अहो, जुनं कार्ड टाकलं नाहीये ना? मग काही बिघडलेलं नाही. आज तिला सरळ सांगा की तुझं कार्ड छान होतं, मी उगाच मध्ये पडले, चुकलं माझं. सॉरी म्हणायचं आणि सोडून द्यायचं, लांबण लावायची नाही. तुमचं कार्ड ठेवा कपाटात.

आता त्या चित्राचं. डोक्याला डायरेक्ट पाय ही काही तुमच्या मुलीची चूक नाही, साधारण तीन-चार वर्षांची मुलं जगात कुठेही माणूस काढायला लागली की तो असाच निघतो, धड नंतर कधीतरी आपोआप येतं, कुणाचं लवकर कुणाचं उशिरा. इंग्रजीत तर अशा चित्रांना बेडकाच्या पिल्लावरून नाव पडलंय. आणि उलट्या अक्षरांचं म्हणाल तर कप डावीकडून बघा की उजवीकडून, कप तो कपच, आपला मेंदू वस्तू अशाच ओळखतो. अक्षरांनाच तेवढी बाजू असते हे मुलांना नव्याने शिकावं लागतं, म्हणून सहा-सात वर्षांपर्यंत अक्षरं अधूनमधून उलटी पडतात. टीचरना हे सगळं पाठ असतं हो. उलट चार वर्षांच्या मुलाच्या नावावर एकदम सुबक, मोत्याच्या दाण्यांसारख्या अक्षरातलं कार्ड आलं की आम्ही स्टाफरूममध्ये एकमेकींकडे बघतो, काय ते समजून घ्या.

माझ्या वर्गातल्या एकाने माझं चित्र काढून आणलं होतं, त्यात तोंडाला नुसते दोन ठिपके, पण सँडल बघाल तर पट्टा, बक्कल, बक्कलचा मोडलेला कोपरा, सगळं बरोब्बर. मला आधी कळेचना. मग लक्षात आलं की मुलं खाली सतरंजीवर बसतात, पोरांना दिवसभर समोर दिसणार काय तर बाईंचे पाय! तुम्ही ते चित्र दुरुस्त करायला घेतलं असतं तर आधी तोंडच नीट केलं असतं.

तुम्हाला काही करायचंच असेल तर तिला विचारा हे काय काढलंयस, आणि ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत कार्डाच्या मागे पेन्सिलने लिहा, खाली तारीख आणि वय. तेवढीच आईची मदत.

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा, एका जागी बसत नाही. टीचरसाठी कार्ड केलंस तर चॉकलेट देईन असं सांगितलं तर चालेल का? बायको नको म्हणते, मला त्यात काही गैर वाटत नाही.

उत्तर : वहिनींचं बरोबर आहे, सॉरी. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका बालशाळेत हेच करून बघितलं होतं. ज्यांना मुळात चित्रं काढायला आवडतं अशीच तीन ते पाच वर्षांची मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता नंतर अचानक दिलं, आणि काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच स्केचपेन वर्गात नुसते ठेवून दिले, तेव्हा बक्षिसाचा वायदा झालेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक मिळालेल्यांचं मात्र काही बिनसलं नव्हतं. म्हणजे चॉकलेट वाईट नाही, वायदा वाईट. झाल्यावर द्या हवं तर, पण आधी बोलू नका.

आणि बसत नाही तर नका बसवू ना. उभ्याने करू दे. दहा मिनिटं आज, दहा उद्या. पाच वर्षांच्या मुलाला कागद फाडायला सांगा, कापायला नको, फाडलेल्या तुकड्यांचं कोलाज फार मस्त होतं आणि त्यांना फाडायला परमिशन मिळाली याचाच आनंद असतो. फेविकॉल मात्र बोटाने पातळ लावायला सांगा, थापला की कागद फुगतो आणि रात्रभर वाळत नाही.

प्रश्न : तीन वर्षांच्या मुलाच्या हाताचा ठसा टीचरना द्यायचाय, टिकणारा. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये हात बुडवून करतात म्हणे?

उत्तर : नाही नाही, हात अजिबात बुडवायचा नाही! प्लास्टर घट्ट होताना स्वतःच तापतं, जाड थर असेल तर चांगलंच भाजतं, आणि तोवर ते कडक झालेलं असल्याने हात पटकन बाहेरही निघत नाही. मोठ्या मुलांनी पण करू नये.

त्यापेक्षा मिठाचं पीठ करा. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाणी वाटीला थोडं कमीच आणि हळूहळू घाला, चिकट झालं की ठसा उमटत नाही. अर्धा सेंटीमीटर जाड लाटा, हात दाबा (तुम्ही वरून दाबायचा, तो फक्त ठेवतो), आणि टांगायला भोक ओलं असतानाच पाडा, हे सगळेच विसरतात. शंभर डिग्रीच्या ओव्हनमध्ये दोन-तीन तास, नाहीतर नुसतं हवेवर, मग बरेच दिवस लागतात आणि रोज पालटावं लागतं. रंगवून वरून वार्निश मारा, ते तुम्ही, मुलाने नाही. मीठ हवेतलं पाणी ओढतं त्यामुळे वार्निश नसेल तर दमट दिवसांत ते मऊ पडतं. टीचरकडे कुत्रा असेल तर उंचावर टांगायला सांगा, एवढं मीठ पोटात गेलं तर त्याला विषबाधा होऊ शकते.

तीन वर्षांच्या मुलाला मणी, छोटी बटणं चिकटवायला देऊ नका, घशात अडकतात. आणि गाणं वाजणारी कार्डं कापून वापरणार असाल तर आतला बटण सेल आधी तुम्ही काढून लांब ठेवा. तो गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

प्रश्न : ग्लिटर?

उत्तर : नको. वर्ग झाडणाऱ्या मावशींची दया येऊ द्या.

प्रश्न : मी स्वतः टीचर आहे, वर्गात बत्तीस मुलं. वर्षअखेरीला दोन पिशव्या भरून कार्डं, माळा, कागदाची फुलं, एक दगडसुद्धा. घरी जागा नाही, टाकवत नाही. तुम्ही काय करायचात?

उत्तर : टाकायचे. खरं सांगते, बरंचसं टाकायचे, पण त्याआधी प्रत्येक वस्तूचा फोटो, शक्यतो ती मुलाच्या हातात असताना. मूल देतं त्या क्षणी काय बोलायचं हे जास्त महत्त्वाचं. नुसतं वा, छान म्हटलं की मूल निघून जातं. त्यातलं एक काहीतरी नेमकं बोला, हा जांभळा कुठून आणलास, एवढी टेप का लावलीस. मग ते दहा मिनिटं बोलतं. आणि काहीही झालं तरी वर्गातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचं नाही. मुलं त्या डब्यात बघतातच, मी एकदा पकडली गेलेय, दोन दिवस पोरगी माझ्याशी बोलली नाही.

ज्यांनी काही आणलं नाही त्यांच्यासमोर पिशव्या उघडू नका. आणि मधल्या सुट्टीत कुणी घाईघाईत वहीचं पान फाडून फूल करून आणलं तर तेही त्याच ढिगात ठेवा, वेगळं नाही.

दगड मात्र ठेवा हो. माझ्याकडे दोन आहेत, एकावर मार्करने माझं नाव आहे, दुसऱ्यावर काहीच नाही. तो कुणी दिला तेही आता आठवत नाही, पण खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून रोज लागतो.