बागेतल्या ओपन जिमवर सात वर्षांच्या मुलाला चढू द्यावं का?

नको. ही यंत्रं मोठ्यांच्या मापाची असतात. युरोपच्या ईएन 16630 या मानकात वापरणाऱ्याची उंची किमान 1.40 मीटर धरली आहे. सात वर्षांचं मूल साधारण 1.20 मीटरचं असतं, म्हणून वय विचारण्यापेक्षा उंची मोजा.

सगळ्यात वाईट एअर वॉकर, म्हणजे दोन झुलत्या पायट्यांवर उभं राहून चालायचं यंत्र. मुलाचे हात दांडीला नीट पुरत नाहीत, पाय फाकतात आणि ते दोन पायट्यांच्या मधून खाली घसरतं. त्याहून मोठा धोका शेजारी उभ्या असलेल्या धाकट्या भावंडाला असतो: झुलणारी लोखंडी पायटी नेमकी त्याच्या तोंडाच्या उंचीला येते. पायट्यांच्या पुढे-मागे कुणालाही उभं राहू देऊ नका.

चेस्ट प्रेस, लेग प्रेस (आसनावर बसून हातांनी किंवा पायांनी ढकलायची यंत्रं) यांत बोटं चेमटतात. बिजागरीजवळची फट आसन वर असताना उघडते, खाली येताना मिटते. 8 ते 25 मिलिमीटरची फट बोट अडकवायला पुरेशी. रबरी स्टॉपर झिजून पडला असेल (बऱ्याच बागांत पडलेलाच असतो) तर दांडा थेट लोखंडावर आपटतो.

ट्विस्टर (गोल चकतीवर उभं राहून कंबर फिरवायचं यंत्र) त्यातल्या त्यात बरा. एका वेळी एकच मूल, दोन्ही हात दांडीवर. दुपारी आधी धातूला हात लावून बघा, चटका बसतो.

बेअरिंग खडखडत असेल किंवा नट ढिला दिसला तर फोटो काढून यंत्राच्या नावासह महापालिकेच्या उद्यान विभागाकडे तक्रार करा.