तिला पाण्याच्या खात्यात जायचंय म्हणे

दुबईहून एका बाबांचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणालेत, म्हणून छापत नाही, पण थोडक्यात सांगते. मूळचे भांडुपचे, 2008 ला तिकडे गेले, एसी डक्टिंगच्या कामावर हेल्पर होते, आता साइट सुपरवायझर आहेत. बायको आणि एकुलती एक लेक भांडुपलाच, टेकडीवरच्या चाळीतून आता खाली वन बीएचकेत आल्यात. लेक बारावी सायन्सला. तिला सिव्हिल करून महापालिकेच्या पाणी खात्यात लागायचंय आणि बाबांना तिला कॅनडा नाहीतर जर्मनीला पाठवायचंय, कारण 'आपल्याकडे पैसे चारल्याशिवाय पान हलत नाही'. तीन आठवडे झाले, ती बाबांचा फोन घेत नाहीये. मी करिअर काउन्सेलर, म्हणून 'मॅडम, तुमचं ऐकेल ती, दोन शब्द समजावून सांगा' अशी विनंती आहे.

दादा, मी तिला समजावणार नाही. म्हणजे ती आली तर बोलेन तिच्याशी, अगदी दोन तास बोलेन, पण तुमच्या वतीने नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. चार पानांतली तीन पानं नुसती भ्रष्टाचारावर आहेत. फ्लॅटच्या कागदांसाठी कुणी किती मागितले, आईच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी किती चकरा झाल्या, खड्डे, टोल, रिक्षावाले, आणि मग दुबईत सतरा वर्षांत एक दिरहम कुणाच्या हातावर ठेवावा लागला नाही, सगळी कामं मोबाईलवर होतात, वगैरे वगैरे. आणि मुलीबद्दल? एक ओळ. 'तिला पाण्याच्या खात्यात जायचंय म्हणे.' हा जो म्हणे आहे ना, तिथे मी अडकले. शेजारच्यांच्या मुलीबद्दल बोलताना आपण म्हणे म्हणतो. स्वतःच्या लेकीला काय हवंय ते तुम्हाला उडत उडत कळलंय, बहुतेक तिच्या आईकडून, आणि का हवंय हे तुम्ही विचारलेलं दिसत नाही कारण विचारलं असतं तर चार पानांत कुठेतरी आलं असतं.

दुसरं वाक्य याहून वाईट आहे. 'मी तिला स्पष्ट सांगितलं, तू इथेच राहिलीस तर माझी सतरा वर्षं पाण्यात गेली.' (पाणी खात्यात जायचं म्हणणाऱ्या पोरीला हेच सुचलं तुम्हाला!) अहो, तुम्ही गेलात तेव्हा ती चार महिन्यांची होती असं तुम्हीच लिहिलंय. वर्षाला 30 दिवस सुट्टी धरा, दरवर्षी मिळाली असंही धरा, तर सतरा वर्षांचे झाले 510 दिवस. दीड वर्षसुद्धा नाही. त्यातले निम्मे बँकेत, लग्नांत, गणपतीत आणि नातेवाइकांना परफ्यूम-चॉकलेटं वाटण्यात गेले असणार. टोचायचं म्हणून नाही लिहीत हे. तुम्ही मजा मारायला गेला नव्हतात. भांडुपच्या सोनापूरजवळचा माणूस दुबईच्या सोनापूरला लेबर कॅम्पात एका खोलीत आठजण राहतो, उन्हाळ्यात गच्चीवर डक्ट चढवतो आणि पहिली तीन वर्षं सगळा पगार घरी पाठवतो, याला काय लागतं ते मला कळतं, माझा सख्खा मामा मस्कतला होता. पण ते कष्ट करायचं तुम्ही ठरवलंत. त्याची वसुली पोरीच्या अ‍ॅडमिशन फॉर्मवर करायची नसते. ती फोन घेत नाही ते हट्टीपणा म्हणून नाही, तुम्ही तिच्यावर सतरा वर्षांचं बिल फाडलंय आणि ते फेडायचं कसं हे तिला कळत नाहीये.

आता भ्रष्टाचाराकडे येऊ, कारण ते टाळलं तर तुम्ही म्हणाल मॅडमना एसीत बसून काय कळतंय. मला कळतं. सासऱ्यांच्या जागेवर नाव चढवायचं होतं तेव्हा एका ऑफिसात तीन महिने खेटे घातले. दरवेळी उत्तर एकच, फाइल वर गेलीय. एक दिवस शिपाई जिन्यात भेटला, इकडेतिकडे बघून म्हणाला, ताई, वर म्हणजे वरच्या मजल्यावर नव्हे हो. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दिले मी. दोन हजार. पुढच्या वेळी दुसऱ्या एका कामाला नाही दिले, सेवा हक्क कायद्याखाली अर्ज केला, पोच घेतली, मुदत गेल्यावर अपील टाकलं, काम झालं पण दीड महिना जास्त लागला आणि साहेबांनी कागद टेबलावर आपटून दिला. तर आहे हे असं आहे. पण तुम्ही 2008 ला गेलात. तो सेवा हक्काचा कायदा 2015 चा, बिल्डरांवर लक्ष ठेवणारं महारेरा 2017 पासून, आणि 2018 पासून लाच देणारासुद्धा गुन्हेगार धरला जातो, जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवावं लागतं. (लाचलुचपतवाल्यांचा नंबर 1064, फ्रिजवर चिकटवून ठेवा.) सगळं स्वच्छ झालंय असं मी अजिबात म्हणत नाहीये, तुमच्या डोक्यातली मुंबई मात्र सुट्टीतल्या चार आठवड्यांची आणि व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डांची आहे एवढंच म्हणतेय.

आणि त्या एका दिरहमबद्दल. तुम्हीच पत्रात लिहिलंय की जाताना एजंटला सव्वा लाख दिले, वहिनींच्या बांगड्या मोडून. पावती मिळाली होती? नसेलच. हे पैसे तुम्ही कष्टाच्या गोष्टीत धरलेत, भ्रष्टाचाराच्या यादीत नाही धरलेत, याचं मला नवल वाटलं. रजिस्टर्ड एजंटला आज कायद्याने 30,000 रुपये आणि वर जीएसटी, एवढीच फी घेता येते. म्हणजे ज्या स्वच्छ देशाचं तुम्ही कौतुक करता त्याचं दारच तुमच्यासाठी मुंबईत चिरीमिरी देऊन उघडलं. आणि अजून एक विचारू? तुमचा पासपोर्ट तुमच्याजवळ आहे की कंपनीच्या कपाटात? तिकडच्या कायद्याने मालकाला तो ठेवता येत नाही, तरी किती जणांचा कपाटात असतो ते तुम्ही मला सांगा, मी तुम्हाला नको सांगायला.

पत्रातला सगळ्यात मोठा गैरसमज मात्र हा, की 'सरकारी इंजिनिअरच्या पोस्टला वीस लाखांचा रेट आहे, भाचा सांगत होता'. हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकते, आकडा तेवढा बदलतो. भाच्याला विचारा, पैसे देऊन लागलेला एक माणूस नावानिशी ओळखतोस का. घोटाळे झालेत, नाही असं नाही. शिक्षकांच्या टीईटीचा झाला, 2021 च्या डिसेंबरात परीक्षा परिषदेच्या आयुक्तालाच पुणे पोलिसांनी अटक केली. त्याच वर्षी आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला. पण पुढचं कुणी सांगत नाही. टीईटीत ज्यांनी पैसे मोजून मार्क वाढवून घेतले अशा साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांना बाद केलं, घरदार गहाण टाकून दिलेले पैसेही गेले आणि नावही गेलं. रेट सांगणारे बरेचसे दलाल काहीही करत नाहीत, दहा जणांकडून पैसे घेतात, त्यातले दोघं स्वतःच्या अभ्यासाने लागतात, त्यांचे ठेवून घेतात आणि उरलेल्यांना आज देतो उद्या देतो करत फिरवतात. महापालिकेने 2024 च्या नोव्हेंबरात इंजिनिअरांच्या 690 जागा काढल्या, कनिष्ठ आणि दुय्यम अभियंता मिळून, परीक्षा ऑनलाइन. अवघड काय आहे तर स्पर्धा आहे, आणि जागा दरवर्षी निघत नाहीत, मध्ये चार-पाच वर्षं कोरडी जाऊ शकतात. भीती घालायचीच तर याची घाला, ही खरी आहे.

बाकी रस्ता सरळ आहे: एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा, मग कॅप राउंड म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्या, माटुंग्याचं व्हीजेटीआय नाहीतर अंधेरीचं सरदार पटेल कॉलेज, चार वर्षं सिव्हिल, मग महापालिका, एमपीएससी किंवा यूपीएससीची इंजिनिअरिंग सर्व्हिस. आखातात काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा असतात, त्या वर्षीचं माहितीपत्रक काढून अटी वाचा, भाच्याला विचारू नका. कॅनडाने 2024 पासून स्टुडंट परमिटवर मर्यादा आणलीय, जर्मनीत सरकारी युनिव्हर्सिटीत फी जवळपास नसली तरी आपल्या नुसत्या बारावीवर थेट प्रवेश सहसा होत नाही. तिला स्वतःला जायचं असेल तर बीई करून मास्टर्सला जाईल, पाण्याचं इंजिनिअरिंग जर्मनी-नेदरलँड्सपेक्षा चांगलं कुठे शिकवणार? पण तेव्हा ती तिच्या कामासाठी जाईल, तुमच्या रागासाठी नाही.

पाणी खातं का, हे मला तिला न भेटता थोडं कळतंय, कारण पत्ता भांडुपचा आहे. टेकडीवरच्या चाळीत पहाटे साडेचारला नळ यायचा, ती आईबरोबर हंडे लावायची असं तुम्हीच ओझरतं लिहिलंय. आणि त्याच भांडुपला महापालिकेचं भलं मोठं जलशुद्धीकरण संकुल आहे, अर्ध्याहून जास्त मुंबईचं पाणी तिथून शुद्ध होऊन पुढे जातं. सात तलाव, रोजचं 3,900 दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी, 1892 चं तानसा आजही चालू, आणि तानसाचं पाणी शहरापर्यंत पंपाशिवाय नुसत्या उतारावर येतं. एवढं पाणी अंगणावरून जातं आणि वरच्या चाळीला प्रेशर नाही, हे जिने रोज बघितलंय तिला सिव्हिल का करायचंय हे करिअर काउन्सेलरने सांगायला लागत नाही. माझ्याकडे येणारी निम्मी मुलं 'काहीतरी चांगलं पॅकेज' एवढंच सांगतात. तुमची पोरगी खातं सांगतेय. खातं!

एक गोष्ट मात्र तुमची बरोबर आहे, आणि ती तिच्याशी बोला. 2016 मध्ये मुंबईतला रस्ते घोटाळा बाहेर आला तेव्हा इंजिनिअरच निलंबित झाले, काहींना अटकही झाली. कधीतरी तिच्या टेबलावर पण कंत्राटदाराच्या कामाची मोजमापं लिहिलेलं मेजरमेंट बुक येईल, कंत्राटदार गोड बोलेल, दिवाळीला मिठाईच्या बॉक्सखाली पाकीट असेल, आणि वरचा साहेब म्हणेल, सही कर गं, सगळेच करतात. त्या रात्री तिला कुणाला तरी फोन करावासा वाटेल. तो तुम्हाला करावासा वाटायचा असेल तर 'मी सांगत होतो ना' म्हणणारे बाबा होऊन चालणार नाही. आणि सध्या तर ती फोन घेतच नाहीये.

आता मूळ मुद्दा. दादा, इथे राहायचं की बाहेर, हा तुमच्या पत्रातला प्रश्न मुलीचा नाहीच, ती इथेच आहे. तो तुमचा आहे, परत येण्याचा. तुम्ही 46 वर्षांचे. दुबई पगार देते, व्हिसा देते, नागरिकत्व तुमच्या-माझ्यासारख्याला देत नाही, नोकरी संपली की काही महिन्यांत बॅग भरायची. म्हणजे ज्या मुंबईला तुम्ही तीन पानं शिव्या घातल्यात तिथेच तुम्हाला म्हातारपण काढायचंय, आणि पोरीला आधीच कॅनडाला पाठवून वन बीएचकेत तुम्ही दोघंच नळाच्या वेळा बघत बसणार. हे कधी कागदावर मांडलंय? नसेल तर मांडा. तिकडची ग्रॅच्युइटी बेसिकवर मिळते, ग्रॉसवर नाही: पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला 21 दिवसांचा पगार, पुढे वर्षाला 30 दिवसांचा. कंपनी एकच राहिली असेल तर बरा आकडा येईल, मध्ये बदलली असेल तर तेवढा नाही. इथे मोठ्या एसी-व्हेंटिलेशनच्या कामांवर अनुभवी सुपरवायझर लागतात, मेट्रोची भुयारी स्टेशनं, हॉस्पिटलं, मॉल, पण पगार तिकडच्या निम्म्याने धरा, जास्त मिळाला तर फायदा. आणि पुढची सुट्टी गणपतीला न घेता फेब्रुवारीत घ्या, आरती-मोदकांशिवायचा महिना राहून बघा, दोन-तीन कंपन्यांत भेटून या.

त्याआधी शुक्रवारी तिला फोन करा. नाही उचलला तर व्हॉइस मेसेज ठेवा, लांबण न लावता. कॅनडा नको, भ्रष्टाचार नको, सतरा वर्षं तर नकोच नको. आपल्या नळाला कुठल्या तलावाचं पाणी येतं गं, एवढंच विचारा. तिला माहीत असणार.

आणि फेब्रुवारीत आलात की माझ्याकडे या, एकटेच. तिला आणू नका, तिचं काम ठीक चाललंय. येताना तुमची सॅलरी स्लिप आणि तो ग्रॅच्युइटीचा कागद घेऊन या.