बारावीनंतर फौज: आधी एनडीएची परीक्षा दे, लीजन कुठे पळून जात नाही

बाळा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. बारावी सायन्स, पीसीएम ग्रुप, 64 टक्के, वय 17 वर्षं 8 महिने, वडील यंत्रमागावर, घरचे म्हणतात इंजिनिअरिंगला ॲडमिशन घे, मित्र म्हणतो फ्रान्सच्या फॉरेन लीजनमध्ये जा आणि एक एजंट म्हणतोय रशियन आर्मीत हेल्परची नोकरी आहे, पगार भरपूर. वर तू लिहिलंयस की आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस पण चीनच्या सैन्यात होतेच की.

मी 24 वर्षं फौजेत काढली, हवालदार म्हणून घरी आलो, आता सकाळी होम मैदानावर भरतीच्या पोरांना पळवतो. त्यामुळे जे माहीत आहे तेवढंच सांगतो, जरा लांबेल.

रशियाचं आधी, कारण त्यात घाई आहे. त्या एजंटचा नंबर आजच ब्लॉक कर. मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका पोराला असाच एकजण एसटी स्टँडजवळच्या टपरीवर भेटला होता, पोरगा मला पण घेऊन गेला. त्या माणसाने मोबाईलवर कराराचा फोटो दाखवला, सगळा रशियन लिपीत. मी म्हणलं यातली पहिली ओळ काय म्हणते ते वाचून दाखव. त्याला येईना. म्हणलं सही याने करायची, मरायचं याने, आणि काय लिहिलंय ते तुला पण माहीत नाही आणि याला पण नाही. पोराने चहा अर्धा ठेवला आणि उठला. ही काय माझ्या मनातली भीती नाही रे. 2024 मध्ये सीबीआयने असल्या एजंटांवर केस केली, हेल्पर, सिक्युरिटी म्हणून नेलेली पोरं थेट युक्रेनच्या आघाडीवर पोचली होती, जुलैमध्ये मोदींनी मॉस्कोत पुतिन यांच्यापुढे हा विषय काढला, आणि जानेवारी 2025 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने आकडा सांगितला: एकूण 126 भारतीय त्या सैन्यात गेलेले, त्यातले 12 मेले, 16 जणांचा पत्ता नाही. ज्या सैन्यात जायला मधे दलाल लागतो तिकडे बघायचं पण नाही.

आता लीजन. ती खरी आहे, फसवणूक नाही. 1831 पासून चालू आहे, कुठल्याही देशाचा माणूस घेतात, वय साडेसतरा ते साडेएकोणचाळीस, 18 च्या आत असलास तर आईवडिलांची सही लागते. करार पाच वर्षांचा. भरतीला एक पैसा लागत नाही, पण भरती फक्त फ्रान्समध्ये, स्वतःच्या पायाने तिथल्या दारात जाऊन उभं राहायचं, म्हणजे व्हिसा तुझा, तिकीट तुझं, आणि व्हिसाला ते काही मदत करत नाहीत. नाही घेतलं तर आल्या पावली परत. घेतलं तर पहिले चार महिने कॅस्टेलनोदारीला ट्रेनिंग, भाषा फ्रेंच, आणि शिक्षण कितीही असूदे सुरुवात सगळ्यात खालून. तुझ्या मित्राला वाटतं तीन वर्षांत फ्रेंच पासपोर्ट मिळतो. तीन वर्षांनी अर्ज करता येतो हे बरोबर आहे, पण त्याच्या पुढचं कोणी सांगत नाही. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, फ्रेंच नागरिक झालास की भारतीय राहिला नाहीस, आणि परदेशी नागरिक झालेले बाकीचे आपले लोक व्हिसाशिवाय यायला ओसीआय कार्ड काढतात ना, ते परदेशी सैन्यात असलेल्याला किंवा तिथून रिटायर झालेल्याला मिळत नाही. म्हणजे आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला यायचं तरी व्हिसा, आई आजारी पडली तरी व्हिसा. हे तुला आईसमोर बसून बोलता आलं तर मग जा, मी अडवणार नाही.

अमेरिकेचं विचारलंस, तिथे ग्रीन कार्ड लागतं, बाहेरच्यांसाठी मावनी नावाची स्कीम होती ती 2016 ला थांबली. कॅनडाने 2022 पासून पर्मनंट रेसिडेंट घ्यायला सुरुवात केली, म्हणजे आधी तिथे स्थायिक हो. ब्रिटनमध्ये कॉमनवेल्थवाल्यांना अर्ज करता येतो, पण नियम सारखे बदलतात, तेव्हा त्यांची सरकारी वेबसाइट सोडून कुणाचं ऐकू नको.

कोटणीसांचं मात्र मला मनाला लागलं म्हणून लिहितो. ते आधी डॉक्टर झाले, मग 1938 ला काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. मधे एजंट नाही, पगाराची बोली नाही, कुणावर अन्याय चाललाय आणि आपण कशासाठी जातोय हे पक्कं माहीत होतं. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीत ते नंतर तिथे गेल्यावर सामील झाले, आणि 9 डिसेंबर 1942 ला तिथेच गेले, वय फक्त 32. भैय्या चौकात त्यांचं घर आहे, आता स्मारक केलंय, एकदा शांतपणे जाऊन ये. पगारासाठी परक्या सैन्यात जायला त्यांचं नाव पुढे करू नको, एवढंच म्हणणं आहे.

आता मुद्द्याचं. वयाचा हिशोब मांड. लीजनचं दार तुला साडेएकोणचाळीसपर्यंत उघडं आहे. इंजिनिअरिंग पुढच्या वर्षी पण करता येतं. एनडीए, म्हणजे बारावीनंतर अधिकारी व्हायला घेऊन जाणारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, साडेएकोणीसला कायमची बंद. आणि त्यात पण पोरं फसतात, कारण वय परीक्षेच्या दिवशी मोजत नाहीत, कोर्स सुरू होतो तेव्हाचं मोजतात, त्यामुळे जाहिरातीत जन्मतारखेची जी रेंज दिलेली असते ती बघायची. तुझ्या वयाला माझ्या हिशोबाने फार तर दोन अटेम्प्ट उरलेत. मला हे सगळं कळलं तेव्हा मी 21 चा होतो, सेंटरमधल्या एका साहेबांच्या टेबलावर तो फॉर्म पहिल्यांदा पाहिला, तोपर्यंत एनडीए म्हणजे मोठ्या लोकांच्या पोरांचं काहीतरी असं वाटायचं. आमच्या गावात सांगणारंच कोणी नव्हतं रे. म्हणून हे एवढं लिहितोय.

यूपीएससी वर्षातून दोनदा परीक्षा घेते. मॅथ्स 300 मार्क, जीएटी म्हणजे जनरल ॲबिलिटीचा पेपर 600, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश कापतात. त्यानंतर एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडायच्या टेस्ट आणि मुलाखत, परत 900 मार्कांची, पाच दिवस. सोलापूरची पोरं लेखी काढतात आणि एसएसबीत घरी येतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तिथे एक टेस्ट असते, 60 शब्द, एका शब्दाला 15 सेकंद, शब्द दिसला की वाक्य लिहायचं. क्लासवाल्यांकडून पाठ केलेली वाक्यं एका पोराने मला दाखवली, सगळ्यात देश, शौर्य, बलिदान. त्याला म्हणलं 'वडील' शब्द आला तर तू काय लिहिशील, तर गप्प बसला. त्यापेक्षा रोज घरी मोबाईलवर 15 सेकंदाचं टायमर लाव, मराठीतनं सुचलं तर आधी मराठीत लिही, मग साध्या इंग्रजीत, आणि खरं लिही. ग्रुप डिस्कशनसाठी रोज एक पेपर मोठ्याने वाच, घरचे हसले तर हसूदे. सहा महिन्यांत जीभ वळते. आणि खर्चाला घाबरू नको, एनडीएच्या खडकवासल्याच्या तीन वर्षांच्या ट्रेनिंगचा खर्च सरकार करतं, एसएसबीला पहिल्यांदा जाताना रेल्वेचं भाडं पण मिळतं. तुझी बहीण अकरावीला आहे म्हणालास, तिला पण सांग, 2022 पासून मुली घेतात, 17 मुलींची पहिली बॅच मे 2025 ला बाहेर पडली.

दुसरा रस्ता टीईएस, म्हणजे आर्मीची टेक्निकल एंट्री स्कीम. पीसीएमला 60 टक्के आणि जेईई मेन दिलेली पाहिजे, यूपीएससीची लेखी नाही, डायरेक्ट एसएसबी, इंजिनिअर होऊन अधिकारी. म्हणजे वडिलांचं पण राहतं आणि तुझं पण. जेईई दिली नसशील तर पुढच्या वेळी फक्त यासाठी तरी दे.

अग्निवीर हा तिसरा, पण डोळे उघडे ठेवून. चार वर्षं, पहिल्या वर्षी 30 हजार पण हातात 21 हजार, बाकी सेवा निधीत जातात. चार वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्के पोरं कायम, उरलेल्यांना साधारण 10-11 लाख हातात, पेन्शन नाही. केंद्रीय दलांत त्यांना राखीव जागा ठेवल्यात. मी याला वाईट म्हणणार नाही, माझ्याकडचे चार जण गेलेत आणि चांगले करतायत, पण बाविसाव्या वर्षी बाहेर आल्यावर काय, हे आज ठरवून जायचं, बाहेरून डिग्री चालू ठेवायची.  आधी ऑनलाइन परीक्षा, मग ग्राउंड. 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आणि 10 पुलअप्स धरून चाल. पळायला मात्र आजपासून सुरुवात कर, कुठलाही रस्ता घेतलास तरी ते लागतंच, आणि एकदम रोज पाच किलोमीटर नको, डांबरी रोडवर तर नकोच, नडगी धरून बसलेली पोरं दर महिन्याला येतात माझ्याकडे.

इंजिनिअरिंगची ॲडमिशन घे, सोडू नको, घरचे पण शांत होतील. फक्त एनडीएचा फॉर्म चुकवू नको.

आता तू तीन गोष्टी लिही. 64 टक्के एकूण आहेत की फक्त पीसीएमचे? चष्मा आहे का, असेल तर नंबर किती, आणि रंग ओळखायची टेस्ट कधी केलीयस का? आणि जन्माचा महिना-वर्ष, तारीख नको. त्यावरून नेमके किती अटेम्प्ट उरलेत ते मोजून सांगतो. मैदानावर यायचं असेल तर पहाटे साडेपाचला असतो आम्ही, बूट नसले तरी ये.