पोनी, मेंढ्या, कुत्री एकाच आवारात: जनावरं एकत्र चालतील, बादल्या नाही

तुम्ही विचारलंय की थोडी जमीन आहे, दोन कुत्री आधीपासून आहेत, आता दोन पोनी आणि पाच-सहा मेंढ्या आणायच्यात, तर रोजचं काम किती पडेल आणि सगळ्यांना एकत्र सोडलं तर चालेल का. चालतं की, बऱ्याच बाबतीत फायद्याचंच असतं. फक्त एकाचं खाणं, औषध आणि शेण-लीद दुसऱ्याच्या तोंडापर्यंत जाऊ द्यायची नाही. नवीन माणूस लाथा आणि चावे यांचीच काळजी करत बसतो, ते होतंच अधूनमधून, पण मला विचाराल तर मी लाथेपेक्षा बादलीला जास्त घाबरते.

सगळ्यात आधी तांबं. घोड्यांच्या तयार खाद्यात आणि चाटायच्या खनिज विटेत तांबं घातलेलं असतं, पोनीला ते लागतं. मेंढीला अगदी कणभर लागतं आणि जास्तीचं तिला नीट बाहेर टाकता येत नाही, ते लिव्हरमध्ये साठत राहतं, आठवडेच्या आठवडे, आणि वरून मेंढी एकदम ठणठणीत. मग काहीतरी निमित्त होतं, प्रवास, कातरणी, खराब हवा, आणि ते सगळं एकदम रक्तात उतरतं, तांबड्या पेशी फुटतात, डोळे पिवळे पडतात, लघवी लाल-तपकिरी होते आणि एक-दोन दिवसात मेंढी जाते. त्यामुळे "परवा तर चाटली होती, काही झालं नाही" हे बोलणं इथे कामाचं नाही. मेंढ्यांसाठी तांबं नसलेली वीट वेगळी मिळते, एकत्र कुरणात तीच ठेवायची आणि पोनीचं मिनरल तिला बांधून तोबऱ्यात द्यायचं, खाऊन झालं की तोबरा झटकून आत. अजून एक, खुरांसाठी मोरचूद वापरायची बऱ्याच जणांना सवय असते. मोरचूद म्हणजे तांबंच की! खूर बुडवायच्या पाण्यात मोरचूद असेल आणि तहानलेली मेंढी ते प्यायली तर झालं. मेंढ्यांच्या खुरांना १० टक्के झिंक सल्फेटचं पाणी वापरा, आणि तेही पिऊ न देता, आधी पोटभर साधं पाणी पाजून.

आता उलट बाजू. कोंबड्यांच्या आणि गाईगुरांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, काही ठिकाणी कोकरांच्या खाद्यातही. घोड्याच्या जातीला हे भयंकर विषारी, वजनाच्या किलोमागे २-३ मिलिग्रॅम गेलं तरी जीव जाऊ शकतो, थेट हृदयाचा स्नायू खराब करतं. म्हणजे कोकरांच्या गव्हाणीत पोनीने तोंड घालणं ही नुसती चोरी नाहीये. पोत्यावरचं लेबल वाचल्याशिवाय कुठलंही मेंढ्यांचं खाद्य आवारात आणू नका. आणि खाद्याच्या खोलीला दोन कड्या, त्यातली एक पोनीच्या ओठांना उघडता न येणारी. पोनीचे ओठ म्हणजे बोटंच असतात, साधा खटका ती दोन दिवसात शिकते आणि मग रात्रभर सगळ्यांची मेजवानी. दाणा जास्त झाला की मेंढीच्या पोटात आम्ल वाढतं आणि पोनीला पोटशूळ नाहीतर लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली सूज. उंदरांचं औषध त्या खोलीत ठेवत असाल तर कुत्र्यांचाही विचार करा.

कुत्र्यांचं म्हणाल तर त्यांना लीद खायला आवडते, नालबंद आला की कापलेल्या खुरांच्या चकत्या पळवायला तर टपूनच बसलेली असतात. चकत्यांचं फारसं काही नाही, पण नुकतंच जंताचं औषध दिलेल्या पोनीच्या लिदीत ते औषध बऱ्यापैकी उतरलेलं असतं. आयव्हरमेक्टिन, मॉक्सिडेक्टिन ही घोड्याच्या मापाची औषधं, आणि कोली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड अशा मेंढ्यांवर काम करणाऱ्या जातींमध्ये एमडीआर१ नावाच्या जीनचा दोष जास्त सापडतो, त्यात हे औषध मेंदूत शिरतं. कुत्रं झोकांड्या खायला लागतं, आंधळ्यासारखं करतं, कोमातही जातं. म्हणून पोनीला जंताच्या औषधाची पेस्ट देताना कुत्री आत बंद, जमिनीवर पडलेला थेंब पुसून घ्यायचा आणि पुढचे काही दिवस लीद लगेच उचलायची.

याच्या उलट कुत्र्याकडून मेंढीला जातात ते पट्टकृमी. मेलेल्या मेंढीचं कच्चं मांस, विशेषतः लिव्हर, फुप्फुस, डोकं कुत्र्याने खाल्लं की त्याच्या आतड्यात पट्टकृमी तयार होतात, अंडी विष्ठेतून गवतावर, तिथून मेंढीत. एका प्रकारात मेंदूत गाठ होऊन मेंढी गोल गोल फिरत राहते, दुसऱ्यात लिव्हर-फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात, आणि त्या माणसालाही होतात बरं का, कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवून तसंच जेवायला बसणाऱ्याला. तेव्हा मेलेलं जनावर कुत्र्यांच्या हाती लागू द्यायचं नाही, आणि प्राझिक्वांटेल हे पट्टकृमींचं औषध कुत्र्यांना किती दिवसांनी द्यायचं ते डॉक्टरला विचारून ठरवा, जिथे धोका जास्त तिथे साधारण दर ६ आठवड्यांनी देतात.

हे जमलं की रोजचं काम तसं सोपं आहे, सकाळी तास-सव्वा तास, संध्याकाळी त्याहून कमी, पावसाळी दिवसात चिखलामुळे जास्त. सकाळी खाणं घेऊन जायच्या आधी रिकाम्या हाताने कुंपणापाशी नुसतं उभं राहायचं. बादली दिसली की आजारी जनावरही धावत येतं, मग खरं काही कळत नाही. मेंढी आजार लपवण्यात पटाईत, कळपातून बाजूला उभी असलेली, कान पडलेली, रवंथ न करणारी मेंढी दिसली की समजायचं. पाठीवर उलटी पडलेली असेल तर पळत जा, पोटातला गॅस फुप्फुसावर दाबतो आणि काही तासांत मरू शकते. उठवल्यावर लगेच सोडू नका, पाय बधिर झालेले असतात, दोन्ही गुडघ्यांच्या मधे धरून उभी ठेवा, ढेकर येऊ द्या, मग सोडा.

गरम दमट हवेत माश्यांचं बघायचं. शेपटीखालची लोकर ओली, घाणेरडी राहिली की माशी तिथे अंडी घालते आणि दिवसभरात आळ्या बाहेर पडून जिवंत कातडी खायला लागतात. लांबून एवढंच दिसतं की मेंढी शेपूट सारखी हलवतेय, पाय आपटतेय, मागे वळून पाठ चावायला बघतेय. पकडून लोकर दोन्ही हातांनी फाकवली की आधी तो कुबट वास येतो, मग ओला हिरवट पट्टा दिसतो आणि खाली सगळं वळवळत असतं. लोकर कातडीपर्यंत कापायची, चांगल्या भागापर्यंत, आळ्या काढायच्या आणि डॉक्टरला बोलवायचं. म्हणूनच वेळेवर कातरणी आणि शेपटीखालची लोकर साफ ठेवणं. कंटाळवाणं काम आहे, पण पर्याय नाही.

पोनीचं सगळं पायात असतं. रोज खूर उचलून साफ करायचे, आणि त्याच वेळी खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन बोटं ठेवून नाडी बघायची. निरोगी पोनीची ती नाडी शोधावी लागते, लॅमिनायटिस सुरू होत असेल तर बोटाखाली टणटण उडते आणि खूर गरम लागतो. पुढचे पाय पुढे टाकून भार मागे घेऊन उभी असेल तर चालवत बसू नका, मऊ जागेत उभी करा आणि फोन लावा. लुसलुशीत कोवळं गवत हा पोनीचा शत्रू आहे, लोकांना हे पटतच नाही, त्यांना हिरवं कुरण बघून आनंद होतो. गवतातली साखर दिवसभर उन्हात वाढत जाते, म्हणून जाड पोनीला पहाटे सोडून उन्हं तापायच्या आधी आत घेतलेलं बरं, मात्र रात्री दव गोठून सकाळी ऊन पडलं असेल तर पहाटेही नको. म्हणून उपाशी ठेवायचं असंही नाही हां! पोनी उपाशी राहिली की रक्तात चरबी उतरते आणि तेही जीवघेणं. चाऱ्यातलं पाणी वगळून तो वजनाच्या दीड टक्क्याच्या खाली नेऊ नका, २०० किलोच्या पोनीला दिवसाला निदान साडेतीन किलो वाळलं गवत आलंच, बुरशी नसलेलं, आणि गठ्ठ्याची सुतळी मोजून खिशात, कुरणात राहता कामा नये. खूर कापायला नालबंद ६ ते ८ आठवड्यांनी.

एकत्र चारण्याचा फायदा म्हणाल तर पोनी जिथे लीद टाकते तिथलं गवत खात नाही, मेंढ्या ते खातात. बहुतेक जंत आपापल्या जनावरातच वाढतात, त्यामुळे पोनीचे जंत मेंढीच्या पोटात मरतात आणि मेंढीचे पोनीच्या. एखाददुसरा दोघांत चालतो, म्हणून लीद आठवड्यातून दोनदा तरी उचलाच. जंताचं औषध कॅलेंडर बघून देऊ नका, लीद-लेंड्या तपासून द्या, नाहीतर औषधाला न जुमानणारे जंत तुम्हीच तयार कराल. मेंढीची खालची पापणी उलटून बघायची सवय लावा, लालसर गुलाबी ठीक, पांढरट म्हणजे रक्त पिणारे जंत.

दोन बाबतीत मात्र मी अजिबात ऐकत नाही. मेंढ्या व्यायल्या की कोकरं आणि पोनी वेगळ्या, काही पोनी कोकराला मानेला धरून आपटतात आणि ती कुठली ते आधी कळत नाही. आणि कुत्री मेंढ्यांत मोकळी सोडायची ती तुम्ही तिथे असतानाच. एकेकटी सभ्य असलेली दोन कुत्री मिळाली की वेगळीच होतात, आणि नुसतं पळवलं तरी गाभण मेंढी गाभ टाकू शकते. लांब दोरीवर सवय लावा, घाई नको. काटेरी तार काढून टाका, पोनीचे पाय फाटतात. जाळीचं कुंपण असेल तर भोकं बारीक हवीत, खूर आत जाणार नाही एवढी.

लसी डॉक्टरकडून ठरवून घ्या: मेंढ्यांना आंत्रविषाराची, पोनीला धनुर्वाताची, कुत्र्यांना रेबीजची.

बाहेरगावी जाताना काय, हे तुम्ही शेवटी विचारलंय. खाद्याच्या खोलीच्या दारावर आतून एक कागद चिकटवा, कुठली बादली कोणाची ते रंगाने, डॉक्टरचा आणि नालबंदाचा नंबर, आणि नेहमीचं तापमान सेल्सिअसमध्ये: पोनी ३७.५ ते ३८.५, मेंढी ३९ ते ४०, कुत्रं ३८ ते ३९. पोनीची विश्रांतीतली नाडी मिनिटाला ३० ते ४५, ६० च्या वर गेली आणि ती जमीन उकरतेय, पोटाकडे बघतेय, लीद नाही, तर वाट न बघता फोन. आणि जो कोणी येणार आहे त्याच्याकडून निघायच्या आधी निदान एक सकाळ तुमच्यासमोर सगळं करून घ्या, तुम्ही मधे न बोलता.