आजीच्या घरात हंस-दमयंतीचं जुनं चित्र सापडलं. कोपऱ्यात रविवर्म्याची सही आहे. खरं असेल का? विकलं तर किती येतील?

भाऊ, सहीवर जाऊ नका. ती मूळ तैलचित्रावरची. चित्र छापलं की सहीसुद्धा छापून येते. माझं आर्वीकडं फ्रेमचं दुकान आहे. खेड्यातून अशा तसबिरी काच बदलायला येतात, आणि "हे राजानं स्वतः रंगवलं" हे बहुतेक घरी ऐकायला मिळतं.

रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पहिलं चित्र 'शकुंतला जन्म'. पुढं छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञानं विकत घेतला. छपाई दगडावरून व्हायची, एकेका रंगाला वेगळा दगड, वरून वार्निश. म्हणून कागद असूनही लांबून तेलरंग वाटतो.

तेव्हा तुमचा प्रश्न खरं म्हणजे असा : दगडी छपाई की नंतरची नक्कल? एक भिंग घ्या आणि दमयंतीचा गाल पाहा. ठिपके लहानमोठे, विस्कटलेले असतील तर दगडी. एकसारखे, रांगेत, जाळीसारखे दिसले तर ऑफसेट यंत्रावरचं, म्हणजे अलीकडचं. खालच्या पट्टीवर छापखान्याचं नाव असतं, पण आमच्याच धंद्यातल्या लोकांनी चौकटीत बसवायला ती पट्टी सर्रास कापली आहे. त्यामुळं नाव नाही म्हणून निराश होऊ नका.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत साडीच्या काठाला जरतार आणि टिकल्या दिसतात. त्या छपाईनंतर सुईनं टाचलेल्या. पूर्वी घरच्या बायका हे हौसेनं करत. अनेकांना त्यानं चित्र बिघडलं असं वाटतं. मला तर अशीच प्रत जास्त आवडते. एकही टिकली काढू नका, कागद तिथूनच फाटतो.

पैशाचं म्हणाल तर कोट्यवधींना जातात ती मूळ तैलचित्रं. छापील प्रती ढीगभर निघाल्या, भाव कागदाच्या अवस्थेवर ठरतो. मोटरसायकलवर जुनं भांडं-फोटो घ्यायला गावोगाव फिरणाऱ्याला मात्र लगेच देऊ नका. दमयंती आपल्या विदर्भाची लेक, तिचं कुंडिनपूर म्हणजे वर्धा नदीपलीकडचं कौंडण्यपूर असं आपल्याकडं मानतात. आजीला विचारल्याशिवाय सौदा करू नये, हे माझं आपलं मत.

काच चित्राला चिकटली असेल तर ओढू नका, तशीच राहू द्या. चित्राला ओलं फडकं अजिबात नको. मागच्या फळ्या उदईनं खाल्ल्या असतील तर बदलून घ्या. काचेवरचं हळद-कुंकू कोरड्या कापडानं खुशाल पुसा, आणि तसबीर चुलीच्या भिंतीवरून काढून मधल्या खोलीत लावा. भिंत मातीची असेल तर मागं लाकडाचे दोन ठोकळे ठेवा, पावसाळ्यात ओल कागदापर्यंत जात नाही.