'बाबातुंदे'त तुंड शोधू नका

प्रश्न असा आहे : लागोसहून आलेल्या सहकाऱ्याचं नाव बाबातुंडे. ऑफिसात सगळे 'तुंडेसाहेब' म्हणतात. यातला 'बाबा' आपलाच का, आणि 'तुंड'चा वक्रतुंडाशी काही संबंध?

नाही आणि नाही. मुंडे-लोखंड्यांच्या पंगतीत त्या गृहस्थांना बसवणं आधी थांबवा. हे आडनाव नव्हे, मुलग्याचं नाव आहे; आणि नाव कसलं, अख्खं वाक्य आहे. नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या भाषेत 'बाबा' म्हणजे बाप, 'तुं' म्हणजे पुन्हा, 'दे' म्हणजे येऊन पोचणे. बाबा परत आले! आजोबा वारल्यावर घरात मुलगा झाला की हे नाव. आजीनंतर मुलगी झाली तर येतुंदे किंवा इयाबो. योरुबात मूर्धन्य ड नाही, म्हणून मी द लिहितो. 'बाबा'चं साम्य निव्वळ योगायोग. ओठ मिटून उघडले की पोरं बा-बा करतात आणि ते आपल्यालाच, असं जगभरचे बाप समजतात.

खरी गंमत सुरात आहे. 'बाबा'तला दुसरा बा वर चढवला तर बाप, दोन्ही खाली ठेवले तर ज्वारी! तिथे दुंदुन नावाचा डमरूच्या घाटाचा ढोल काखेत दाबतात, दोऱ्या ताणल्या की सूर चढतो. बोलण्यातले हेच चढउतार त्यावर वाजतात आणि जाणत्याला शब्द ऐकू येतात.

बाळांच्या नावांची पुस्तकं छापणारे मात्र 'पुनर्जन्म' असा अर्थ देऊन मोकळे होतात. साफ चूक. आपल्या पुनर्जन्माला कर्माची खातेवही आहे. पुढचा जन्म राजाचा की कुत्र्याचा, भरवसा नाही. योरुबांकडे पूर्वज आपल्याच कुळात येतो आणि येऊनही पितरांत शिल्लक राहतो. एका आजोबांचे दोन नातू बाबातुंदे असले तरी बिघडत नाही. याच्या जवळ जाणारं आपल्याकडे काय, तर नातवाला आजोबांचं नाव ठेवणं. पण आपण नाव परत आणतो. योरुबा लोक मूळ नाव बाजूला ठेवून 'आले' ही बातमीच पाळण्यात घालतात. माझ्या मते त्यांची युक्ती सरस. सासऱ्याचं नाव घ्यायची सुनेची पंचाईतच मिटली.

१९८६चे साहित्याचे नोबेल मानकरी, नायजेरियन लेखक वोले शोयिंका घ्या. पूर्ण नाव अकिनवांदे ओलुवोले बाबातुंदे शोयिंका. 'ओलुवोले' म्हणजे प्रभू घरात आला. हाक मारताना प्रभूला उंबऱ्याबाहेर ठेवलं, उरलं 'वोले', घरात आला. कर्ता गाळायचा, क्रियापद ठेवायचं! त्याच चालीवर बाबातुंदेचं 'तुंदे' होतं, परत आला.

तेव्हा तुमचे 'तुंडेसाहेब' म्हणजे 'परत-आले-साहेब'. सुट्टीवरून येतील त्या दिवशी जरूर म्हणा, फक्त तो ड तेवढा सोडा.