बाप्टिस्ट चर्चच्या जुन्या टेपमधला मागचा गोंगाट कसा काढावा?

डेट्रॉइटच्या एका बाप्टिस्ट मंडळीकडे उपासनेची आणि रेडिओवरच्या संदेशांची १९६०-७० मधली रिळं आहेत, ती डिजिटल करताना मागचा गोंगाट काढायचाय, असं तुम्ही लिहिलंय. काढू नका. तो गोंगाट म्हणजेच मंडळी.

कृष्णवर्णीयांच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये पाळक वाक्य अर्ध्यावर सोडतो, बाकांवरून 'वेल!' येतं आणि मग तो पुढे जातो. शेवटी बोलणं सुरात चढतं, तेव्हा ऑर्गन त्याला धरून चालतो. त्याच शहरातल्या न्यू बेथेल चर्चचे सी. एल. फ्रँकलिन (गायिका अरीथा फ्रँकलिनचे वडील) यांचं गरुडाच्या घरट्यावरचं १९५३ चं प्रवचन ऐका. मंडळी पुसली तर काय उरेल? कीर्तनातून टाळकरी काढून बुवांचा आवाज 'स्वच्छ' करण्यातला प्रकार. गोंगाट काढणाऱ्या सॉफ्टवेअरला गोंगाटाचा नमुना म्हणून 'शांत' सेकंद दाखवता, त्यातच सभागृहाची कुजबुज असते. मग ते प्रत्येक 'आमेन'चं शेपूट खातं आणि पाळक पाण्याखालून बोलू लागतो.

अर्धा गोंगाट तर चुकीच्या डेकचा (टेप वाजवायच्या यंत्राचा) असतो. दोन्ही बाजूंनी भरलेलं हाफ-ट्रॅक रीळ (टेपच्या अर्ध्या रुंदीवर एक बाजू, उरलेल्या अर्ध्यावर उलट दिशेने दुसरी) घरगुती क्वार्टर-ट्रॅक (पाव रुंदीचे पट्टे वाचणाऱ्या) स्टीरिओ डेकवर लावलं, की डावीकडे संदेश आणि उजवीकडे दुसरी बाजू उलटी वाजते. ती बडबड फिल्टरने काढत बसू नका, उजवा चॅनल वेगळा करा. डेक हाफ-ट्रॅकच मिळवा आणि प्रत्येक रिळाला हेडचा अॅझिमथ (टेपशी असलेला कोन) जुळवा. तो चुकला की 'स', 'श' बोथट होतात, मग लोक ट्रेबल चढवतात आणि खरखर वाढवून घेतात.

१२०० फुटांचं ७ इंची रीळ सेकंदाला ७.५ इंच वेगाने एका बाजूला ३२ मिनिटं चालतं. रेडिओच्या अर्ध्या तासाला पुरतं, दोन तासांच्या उपासनेला नाही. म्हणून उपासना बऱ्याचदा ३.७५ वर सापडते. वेगाबद्दल शंका आली तर अमेरिकन विजेची ६० हर्ट्झची गुणगुण पुसण्याआधी मोजा. टेप थांबवल्यावरही ऐकू येते ती तुमच्या डेकची. थांबते ती मूळ ध्वनिमुद्रणातली, आणि ती ६१ वर दिसली तर रीळ जलद चाललंय.

भारतात आणून स्वस्तात करू म्हणताय, पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, वारंवारता नाही. सिंक्रोनस मोटरचा (विजेच्या वारंवारतेवर वेग ठरणारा) अमेरिकन डेक आपल्या ५० हर्ट्झवर एक षष्ठांश हळू चालेल.

रीळ उजेडासमोर धरा. आरपार दिसलं तर टेप बहुधा अॅसिटेटची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची. व्हिनेगरचा वास आला तर ती खराब होतेय, ते रीळ आधी डिजिटल करा, आणि अॅसिटेट कधीही तापवू नका. ५४ अंश सेल्सिअसला आठ तास शेकणं हा उपाय चिकट झालेल्या, मागून लेप असलेल्या पॉलिएस्टर टेपचा, आणि तोही स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये नाही.

डिजिटल फाइल ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह (WAV) स्वरूपात करा. ही मूळ फाइल तशीच ठेवायची. रेडिओवर वाजवायला साफ प्रत हवीच असेल तर ती वेगळी करा, माझी हरकत नाही. फक्त मंडळीची लेखी परवानगी घ्या. १५ फेब्रुवारी १९७२ आधीची अमेरिकन ध्वनिमुद्रणंही २०१८ च्या कायद्याने संरक्षित आहेत, आणि त्यातल्या गाण्यांचे हक्क वेगळे.